पोर्टफोलिओतली कच्ची पानं फाडू नका

बारावीची परीक्षा जवळ आली की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला पाच ठिकाणांहून आला. त्यातला एक मावसबहिणीने पाठवला होता, खाली प्रश्न होता, "हे खरं आहे का गं? पोरगी रडतेय." मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ग्राफिक डिझाइनच्या डिग्रीला पोर्टफोलिओशिवाय, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांच्या फाइलीशिवाय, कुठेच प्रवेश नाही. त्यात किमान ४० कामं हवीत. सगळी फायनल हवीत, रफ एकही नको. हुबेहूब पोर्ट्रेटं असली की काम झालंच. फोटोशॉप-इलस्ट्रेटर येत नसेल तर नाद सोडा. मजकूर इंग्रजीत ठेवा, मराठीने 'लोकल' वाटतं. आणि अकरावीपासून क्लास लावला नसेल तर आता वेळ गेली.

मी अप्लाइड आर्ट, म्हणजे उपयोजित कला शिकले, पुस्तकांची मांडणी आणि पॅकेजिंग यावर पोट भरते आणि दर हिवाळ्यात ओळखीपाळखीच्या मुलांच्या फाइली बघते. असल्या सल्ल्यापायी मुलांनी आपलं सगळ्यात चांगलं काम रद्दीत घातलेलं मी पाहिलंय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"पोर्टफोलिओशिवाय कुठेच प्रवेश नाही." हे साफ चूक आहे. आपल्या राज्यात बीएफएच्या उपयोजित कला शाखेला सीईटीतून जायचं तर वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असे पेपर असतात. आयआयटी मुंबईच्या बी.डेस.चा, म्हणजे डिझाइनच्या पदवीचा, रस्ता यूसीड या प्रवेश परीक्षेतून जातो. तिथे एक भाग संगणकावर सोडवायचा आणि एक भाग कागदावर, चित्र काढून. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेला डॅट या तिच्या प्रवेश परीक्षेची प्रिलिम्स आणि मेन्स द्यावी लागते. ज्या मुलाला फक्त सीईटी द्यायचीय त्याने फाइल सजवत बसण्यापेक्षा घड्याळ लावून स्मरणचित्रं काढावीत. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना जे केलं तेच, जास्त वेगाने आणि जास्त विचाराने. पोर्टफोलिओ लागतो तो वेगळ्या ठिकाणी. पुण्याच्या सिंबायोसिसमध्ये लेखी परीक्षेनंतर तो बघतात, इतर काही खासगी संस्था मागतात, आणि परदेशात तर बहुतेक सगळीकडे लागतो. नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा त्या-त्या संस्थेचं यंदाचं माहितीपत्रक स्वतः वाचा. ग्रुपवरच्या मेसेजवर विसंबू नका.

४० कामांचं म्हणाल तर, अमेरिकेतल्या र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचं नाव या क्षेत्रात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती संस्था १२ ते २० कामं मागते. चाळीसचा आकडा गाठायला मुलं आठवीतलं निसर्गचित्र घालतात, रक्षाबंधनाचं पोस्टर घालतात, आणि बघणाऱ्याला चांगल्याच्या शेजारी वाईटही दिसतं. मी मुलांना सगळं काम जमिनीवर पसरायला सांगते आणि विचारते, "यातल्या कशाबद्दल तू पाच मिनिटं बोलशील?" बोलता येत नाही ते फाइलमधून वगळायचं.

आता मुख्य मुद्द्यावर येते, 'रफ एकही नको'. मला राग येतो तो याच ओळीचा.

दोन वर्षांपूर्वी सांगलीकडची एक मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे आली. वडिलांचं लग्नपत्रिका आणि रबरी शिक्क्यांचं दुकान. फाइलमध्ये ३८ चित्रं, त्यातले ३१ नटनट्यांचे चेहरे, मऊ पेन्सिलीने घोटून गुळगुळीत केलेले. मेहनत दिसत होती, मुलगी कुठे दिसत नव्हती. अजून काही आहे का विचारलं तर म्हणाली, "नाही ताई, बाकी नुसतं रफ आहे." वडील म्हणाले, "आजीच्या गोळ्यांचं दाखव की ताईंना."

दप्तरातून दोनशे पानी वही निघाली. औषधाच्या दुकानात गोळ्या कागदी पाकिटात घालून वर १-०-१ असं लिहून देतात, ते आजीला कळत नव्हतं. पहिल्या चार पानांवर हिने 'सकाळ, दुपार, रात्र' मोठ्या अक्षरांत लिहून पाहिलं होतं. आजीला चष्म्याशिवाय तेही वाचता येईना. पाचव्या पानावर उगवता सूर्य, पूर्ण सूर्य आणि चंद्र. कोणीही हेच काढलं असतं. पण त्या पानावर लाल पेनने काट मारून शेजारी लिहिलं होतं: 'आजीने उगवत्या सूर्याची गोळी दुपारी घेतली. म्हणाली, ऊन तर दुपारीच असतंय की.'

तिथून वही बदलली होती. पुढच्या दोन पानांवर चित्र नव्हतं, आजीचा अख्खा दिवस होता. साडेपाचला चहा. दहाला भाकरी. दुपारी आडवं होणं, पण झोप नाही. चारला परत चहा, आणि या दुसऱ्या चहाभोवती गोल. आठला जेवण, मग अंथरूण. आजीचा दिवस सूर्यावर चालत नव्हता, चहा, भाकरी आणि अंथरुणावर चालत होता. मग कप, ताट आणि उशी. कप आणि ताट लांबून सारखेच गोल दिसतात हे लक्षात आल्यावर तिने कपाचा कान मोठा केला, अजून मोठा केला, अकरा वेळा. शेवटच्या पानांवर चित्रं नव्हती, ठसे होते. दुकानदाराला गर्दीत कप काढत बसायला वेळ कुठला, म्हणून तिने तीन खोडरबर कोरून तीन शिक्के केले होते. एका पानावर शाई फुटली होती, तिथे 'कान बारीक कोरला, शाई भरते' अशी टीप.

या वहीला ती 'नुसतं रफ' म्हणत होती.

डिझाइन शिकवणाऱ्या माणसाला समोरचं मूल काय शिकून आलंय यापेक्षा ते कसं शिकतं हे बघायचं असतं. ते फायनल चित्रात दिसत नाही. ते सूर्यावर मारलेल्या लाल काटेत दिसतं. आम्ही त्या वहीची आठ पानं जशीच्या तशी फाइलमध्ये घातली, डागांसकट, आणि शेवटी छापलेलं पाकीट. चेहरे तीनच ठेवले. मुलाखतीहून परतल्यावर तिने फोन केला: "ताई, त्यांनी सूर्याचं पानच सगळ्यात जास्त वेळ बघितलं." ती आता दुसऱ्या वर्षाला आहे.

पोर्ट्रेटांबद्दल एवढंच सांगते की मोबाइलवरच्या फोटोवरून काढलेल्या चेहऱ्यात निम्मे निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेतलेले असतात. उजेड कुठून, कडा कुठे, काय सोडायचं, सगळं. त्यापेक्षा दाराबाहेरचा चपलांचा ढीग समोर बसून काढा. चप्पल वाकडी पडलेली असते, तिच्यावर दुसरी, अंगठा तुटलेला. तिथे डोळ्याला काम पडतं. एका क्लासच्या मुलांच्या फाइली एकदा लागोपाठ बघण्यात आल्या. सहा फाइलींत तोच डोळा, तोच अश्रू, त्याच बाजूने ओघळणारा. सरांनी एकच चित्र गिरवून घेतलं होतं. त्या मुलांची फी गेली, वर्ष गेलं आणि स्वतःची म्हणावी अशी एक रेघ त्यांच्या हाती नव्हती.

सॉफ्टवेअर पहिल्या वर्षात शिकवतात. आधीपासून येत असेल तर चांगलंच, पण ती प्रवेशाची अट नव्हे. शिकायचंच असेल तर इंकस्केप आणि क्रिता फुकट मिळतात, चोरीची कॉपी टाकू नका. आणि एआयकडून चित्रं करून घेऊन फाइल भरायचा सल्ला अलीकडे या मेसेजला जोडलेला दिसतो. मुलाखतीत समोरच्याने "हा रंग का?" एवढं विचारलं की मुलाकडे उत्तर नसतं, कारण तो निर्णय त्याने घेतलेलाच नसतो. आपल्या पोराला त्या खुर्चीत असं बसवू नका.

राहिलं मराठीचं. मला हे सर्वांत जास्त लागतं. ज्या भाषेत अक्षरकार कमल शेडग्यांनी नाटकांची नावं हाताने अशी लिहिली की नाव वाचायच्या आधी नाटकाचा स्वभाव कळावा, त्या भाषेतल्या मुलाला आपण सांगतो की तुझी अक्षरं लपव. संगणकावर वर्षानुवर्षं ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये आपण मराठी वाचलं तो सुलेखनकार र. कृ. जोशींनी केला, आणि ते आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, शिकवत होते. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या गटाचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट आज कोणीही फुकट वापरू शकतो. २०१० मध्ये स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह देवनागरी 'र' आणि रोमन 'R' यांच्या मेळातून आलं, आणि ते करणारे उदय कुमार आयडीसीचेच विद्यार्थी.

शिवाय देवनागरी मांडणं हे अवघड काम आहे, म्हणून ते फाइलमध्ये चमकतं. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, ऋकार. इंग्रजीच्या सवयीने दोन ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. 'सूर्य' आणि 'कर्तृत्व' एकाखाली एक लिहून बघा. हा गुंता ज्याने हाताने सोडवलाय, त्याला टायपोग्राफी म्हणजे काय हे पाठ करावं लागत नाही. परदेशात अर्ज करणार असाल तर खाली दोन ओळी इंग्रजीत अर्थ लिहा, बस. फलटणच्या किंवा फोंड्याच्या मुलाने न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानाचा लोगो करण्यात कोणाला काय कळणार त्याच्याबद्दल?

फोटो काढताना मात्र घाई करू नका. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद, मोबाइल कागदाला समांतर. चांगलं काम पिवळट आणि तिरकं पाठवलेलं बघून जीव तुटतो.

आणि 'आता वेळ गेली' हे वाचून रडणाऱ्या माझ्या भाचीसाठी: त्या गोळ्यांच्या वहीवर तारखा होत्या. पहिलं पान वसुबारसेचं होतं, शेवटचा ठसा त्यानंतर एकोणिसाव्या दिवशीचा. दिवाळीच्या सुट्टीत, फराळाचे डबे भरता भरता केलेलं काम होतं ते.