मठ्ठ कसली, तिला पातळ साखर गोडच लागत नाही!

‘काही मधमाश्या जन्मतःच हुशार, काही मठ्ठ’ हे मधमाश्यांच्या शिकण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. माशी किती लवकर शिकते हे तपासायचा प्रयोग मी शिकत असताना स्वतः केलाय. माशीला थंड करून बारीक नळीत असं अडकवायचं की फक्त डोकं बाहेर राहील. वासाचा झोत सोडायचा आणि लगेच शृंगिकेला (डोक्यावरच्या मिशीला) साखरपाण्याची काडी टेकवायची. सोंड सुर्रकन बाहेर येते. असं थोड्या वेळा झालं की नुसत्या वासालाच सोंड बाहेर! पण काही माश्या पातळ साखरपाण्याला ढिम्म हलत नाहीत. त्यांना घट्ट पाक द्या, मग बघा. जास्त आणि कमी पराग साठवणारे वाण निवडीने तयार करून तपासले, तेव्हाही हेच निघालं: प्रत्येकीला तिच्या जिभेला साजेसं गोड दिलं की शिकण्यातली तफावत बरीचशी मिटते. आनुवंशिक फरक आहेच, पण तो बुद्धीआधी चवीत आहे.

दुसरं म्हणजे, लेखात तुलना फक्त दोन वाणांची केलीत, पण फरक एकाच पोळ्यातही असतो. अहो, राणी साधारण 10 ते 20 नरांशी मीलन करते, त्यामुळे एकाच पोळ्यात सावत्र बहिणींची गर्दी असते. त्यातल्या काहींनाच पोळ्यातल्या घराच्या मेणाच्या झाकणाखालच्या आजारी अळीचा वास लवकर येतो आणि त्या झाकण फोडून तिला बाहेर काढतात. याबद्दल लेखात एक ओळही नाही.