बंब नेमका कुठे उभा करायचा? (समुद्रातल्या प्लास्टिकवरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण लगेच उत्तर द्यायचं मुद्दाम टाळलं, कारण पहिल्यांदा वाचताना राग आला होता आणि दुसऱ्यांदा शांतपणे वाचल्यावर लक्षात आलं की तुमचे बरेचसे मुद्दे बरोबर आहेत.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. समुद्रातलं आणि नद्यांमधलं प्लास्टिक काढणाऱ्या यंत्रांवर मी लेख लिहिला होता. त्यावर यांचं म्हणणं असं की हा सगळा 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' असा प्रकार आहे, प्लास्टिक बनतंय कारखान्यात आणि आपण ते शोधत फिरतोय समुद्रात, शिवाय नद्यांमधून समुद्रात जाणारं बहुतेक प्लास्टिक दहाच नद्यांमधून येतं हा माझा आकडा शिळा आहे, यंत्रांत अडकून जीव मरतात त्यावर लेखात एक ओळसुद्धा नाही, आणि बाटल्या विकणाऱ्या कंपन्याच या यंत्रांना पैसे देऊन नामानिराळ्या राहतात.

म्हण तुम्ही अगदी चपखल वापरलीत, पण ती सरसकट सगळ्या यंत्रांना लागू होत नाही. बंब कुठे उभा केलाय त्यावर सगळं अवलंबून आहे.

भर समुद्रातल्या यंत्रांबद्दल बोलायचं तर मी जवळजवळ तुमच्याच बाजूची आहे. ओशन क्लीनअप या समुद्रातलं प्लास्टिक काढणाऱ्या डच संस्थेने सप्टेंबर २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून पहिली सिस्टिम नेली, ६०० मीटरचा तरंगता पाइप आणि त्याखाली पडदा, आणि कल्पना अशी की वारा-लाटा तिला प्लास्टिकपेक्षा जोरात ढकलतील म्हणजे कचरा आपोआप आत गोळा होईल. झालं असं की तिचा वेग प्लास्टिकपेक्षा सतत जास्त राहीना, त्यामुळे कचरा आत यायचा आणि परत निघून जायचा, आणि वर्षअखेरीस तिचा १८ मीटरचा टोकाचा तुकडाच सुटला. नंतर त्यांनी बऱ्याच सुधारणा केल्या, पुढच्या सिस्टिमला दोन जहाजं लावली, आणि तिने खरंच भरभरून कचरा काढला. पण दोन जहाजं म्हणजे इंधन आलं.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पॅसिफिकमधल्या त्या प्रसिद्ध कचरापट्ट्यात तरंगणारं प्लास्टिक २०१८ च्या अभ्यासानुसार साधारण ८० हजार टन. आणि नद्यांमधून दरवर्षी समुद्रात जाणारं प्लास्टिक २०२१ च्या अंदाजानुसार ८ ते २७ लाख टन. म्हणजे अगदी कमीत कमी धरलं तरी तो अख्खा पट्टा जेवढा, त्याच्या दहापट माल नद्या एका वर्षात आणून टाकतात, त्यातला बराचसा किनाऱ्याजवळच राहतो किंवा तळाला जातो. म्हणून मी म्हणते की नदीत उभा केलेला बंब सोमेश्वरी नाही, तो आगीच्या वाटेवरच आहे.

आणि दहा नद्यांचा आकडा, तिथे तुम्ही मला पकडलंत. तो २०१७ च्या अभ्यासातला होता. २०२१ चा तोच अभ्यास सांगतो की ८० टक्के प्लास्टिक हजाराहून जास्त नद्यांमधून येतं, आणि त्यात शहरांमधून वाहणाऱ्या छोट्या नद्या खूप आहेत. हा नुसता आकड्याचा फरक नाही, यामुळे उपायच बदलतो. दहाच नद्या असत्या तर दहा अवाढव्य यंत्रं लावून भागलं असतं, हजार असतील तर स्वस्त, साधं, तिथल्याच माणसांना दुरुस्त करता येईल असं काहीतरी पाहिजे.

असं यंत्र म्हटलं की मला अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं पाणचक्कीवालं आठवतं, जोन्स फॉल्स नदीच्या तोंडाशी २०१४ पासून उभं आहे. नदीत तिरके तरंगते अडसर टाकलेत, कचरा त्यांना घासत घासत यंत्राच्या तोंडाशी येतो, फिरणारे दाते तो पट्ट्यावर ओढतात आणि पट्टा वर नेऊन कचरापेटीत टाकतो, आणि हे सगळं फिरवणारं चाक चालतं त्याच नदीच्या प्रवाहावर. प्रवाह कमी पडला तर सोलरवर चालणारे पंप चाकावर पाणी सोडतात. यात अशी गंमत आहे की जोराचा पाऊस झाला की कचरा जास्त येतो आणि नेमकी तेव्हाच चाकाला ताकदही जास्त मिळते. अॅमस्टरडॅममध्ये २०१९ पासून कालव्याच्या तळाशी भोकं पाडलेली नळी तिरकी टाकलीय, तिच्यातून हवा सोडतात, बुडबुड्यांचा पडदा उठतो, कचरा वर येऊन कडेला सरकतो, आणि बोटी-मासे आरामात पलीकडे जातात. जिथे बोटींची ये-जा आहे तिथे जाळी लावताच येत नाही, तिथे हे कामाचं.

नदीतलं सगळंच यशस्वी होतं असंही नाही हं. ग्वाटेमालात २०२२ मध्ये नदीत आडवं कुंपण घातलं होतं, पुराच्या लोंढ्यात त्याच्या पायाखालची माती खरवडली गेली आणि अडवलेला कचरा निसटला. पुढच्या वर्षी तिथे तरंगते अडसर लावून नव्याने सुरुवात करावी लागली.

जिवांचा मुद्दा मी टाळायला नको होता, त्याबद्दल मनापासून सॉरी. समुद्राच्या अगदी पृष्ठभागावर राहणारी एक वेगळीच दुनिया आहे, वेलेला नावाचा निळा जीव डोक्यावर पारदर्शक शीड घेऊन वाऱ्यावर फिरतो, जांभळी गोगलगाय स्वतःच बुडबुड्यांचा तराफा करून त्याला उलटी लटकते. जो प्रवाह प्लास्टिक गोळा करतो तोच यांनाही गोळा करतो, आणि जाळ्याला यातला फरक कळत नाही. बंदरात लावतात त्या सीबिनचंही, म्हणजे पाणी आत ओढून कचरा गाळणाऱ्या तरंगत्या कचरापेटीचंही तसंच. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या बंदरात, झालेल्या अभ्यासात कचऱ्याच्या साधारण साडेतीन वस्तूंमागे एक जीव सापडला, आणि हातात जाळी घेतलेल्या माणसांनी त्यापेक्षा चांगलं काम केलं. हे वाचून मी सीबिनच्या बाजूने जे लिहिलं होतं ते मागे घेते.

कंपन्यांबद्दल तुमचा संताप मला पटतो. २०२१ मध्ये कोका-कोलाने ओशन क्लीनअपशी नद्यांसाठी भागीदारी जाहीर केली तेव्हा मलाही तेच वाटलं होतं. आणि संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक प्लास्टिक कराराचं काय झालं ते आपण बघितलंच, २०२२ ला नैरोबीत असा करार करायचा ठराव झाला, २०२४ ला बुसानमध्ये आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात चर्चा फिसकटली, आणि अडलं ते मुख्यतः उत्पादनावर मर्यादा घालायची की नाही यावरच. तिथे दबाव हवाच.

पण 'आधी उत्पादन थांबवा, मग बाकीचं बघू' हे मला मान्य नाही. पाण्यात गेलेली पिशवी वाट बघत थांबत नाही, उन्हाने आणि लाटांनी तिचे तुकडे होत राहतात, आणि एकदा का तांदळाच्या कणीपेक्षा बारीक झाले की समुद्रातून ते परत काढणारं यंत्र कुणाकडेच नाही. आज नदीच्या तोंडाशी आख्खी पिशवी आहे, ती उचलता येते.

तुम्ही म्हणाला नाहीत पण माझीच आणखी एक चूक सांगते. प्लास्टिक खाणाऱ्या जिवाणूबद्दल मी फार उत्साहात लिहिलं होतं. २०१६ मध्ये जपानमध्ये सापडलेला तो जिवाणू पीईटी खातो, म्हणजे बाटलीचं प्लास्टिक. समुद्रावर तरंगणारं बहुतेक पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन असतं, त्याला तो हात लावत नाही, आणि पीईटी पाण्यापेक्षा जड असल्याने तळाला जातं. त्याचं एन्झाइम रिसायकलिंगच्या कारखान्यात उपयोगी पडेल, समुद्र साफ करायला नाही.

मूळ लेखात दहा नद्यांचं वाक्य आत्ताच बदललंय आणि खाली दुरुस्तीची नोंद टाकलीय. सीबिन आणि जिवाणूचे परिच्छेद उद्या बसून नव्याने लिहिते, झाले की याच धाग्यात कळवते, तेव्हा परत एकदा नजर टाका.