घाटासाठी ई-सायकल : ‘फक्त वॅट बघा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

तुळजापूर घाटाच्या पायथ्याशी राहून रोज वर नोकरीला जाणाऱ्यांसाठी म्हणून एक सल्ला सध्या सोलापूरकरांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्यात दोन ई-सायकलींची तुलना आहे. पहिलीच्या मागच्या चाकात ५०० वॅटची हब मोटर, सायकलीला गिअर नाही, मुठीत थ्रॉटल (स्कूटरसारखा ॲक्सिलरेटर). दुसरीला पेडलपाशी २५० वॅटची मिड-ड्राइव्ह मोटर, मागे आठ गिअर आणि किंमत बरीच जास्त. सल्ला असा : चढासाठी फक्त वॅट बघा, ५०० वॅटची डोळे झाकून घ्या, २५० वॅटची सायकल घाटात दम टाकते, मिड-ड्राइव्ह म्हणजे उधळपट्टी आणि उतरताना बॅटरी आपोआप भरते. यातले किमतीचे तेवढे खरे आहे.

आधी वॅटचा हिशेब करू. स्वाराचे ७५ आणि सायकलीचे २५ मिळून १०० किलो वजन धरले आणि १०० मीटरला ६ मीटर चढणारा रस्ता घेतला, तर चढ आणि टायरचे घर्षण यांवर मात करायला साधारण ६७ न्यूटन जोर लागतो; म्हणजे ताशी १० किमी वेगाला १९० वॅटच्या आसपास आणि ताशी २० किमीला, वाऱ्याचा विरोध धरून, सव्वाचारशेच्या पुढे. २५० वॅटच्या मोटरला स्वाराच्या पायांचे ७०-८० वॅट मिळाले की हाच चढ ताशी १४-१५ किमीने चढता येतो. शिवाय २५० वॅट हा आकडा मोटर सलग किती ताकद देऊ शकते याचा असतो. ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ ॲम्पिअरचा कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) असेल तर थोडा वेळ बॅटरीतून ५४० वॅटही ओढले जातात.

खरी मेख वेगाची आहे आणि सल्ल्यात तिचा उल्लेखही नाही. हब मोटर थेट चाक फिरवते, त्यामुळे चाक मंदावले की तीही मंदावते. चढावर जोर तेवढाच लागतो, म्हणून विद्युतप्रवाह कमी होत नाही, पण वेग घटल्याने उपयोगी काम घटते आणि उरलेली वीज उष्णतेत जाते. प्रवाह दुप्पट झाला की तारांतली उष्णता चौपट होते. मागे गिअर बसवून घेतले तरी फायदा फक्त पायांना होतो, कारण हब मोटरची ताकद साखळीतून जातच नाही. मिड-ड्राइव्ह मोटर मात्र साखळीतूनच चाक ओढते. मागच्या मोठ्या दातेरी चकतीवर साखळी टाकली की सायकल सावकाश चालते आणि मोटर आपल्या सोयीच्या वेगाने फिरत राहते. शहरातल्या उड्डाणपुलाचा चढ मोटर तापायच्या आत संपतो, घाटात ती उसंत मिळत नाही. त्यात मे महिन्यातली आपल्याकडची हवाच चाळीस अंशांवर असते. स्वस्त हब मोटरमध्ये आतले गिअर बऱ्याचदा नायलॉनचे असतात आणि उष्णतेत सतत ताण आला की त्यांचेच दात आधी झिजतात.

दुकानदार न्यूटन-मीटरचे, म्हणजे मोटरच्या फिरवण्याच्या जोराचे (टॉर्कचे) आकडे सांगतात, तेही सरळ ताडून पाहू नयेत. उदाहरणार्थ, हबचे ४० थेट चाकावरचे असतात, मिड-ड्राइव्हचे ६० पेडलच्या आसावरचे. पुढे ३८ आणि मागे ३४ दातांची चकती असेल, तर त्या ६० चे चाकावर साधारण ५४ होतात.

५०० वॅटची ‘डोळे झाकून’ घेणाऱ्याने कायद्याकडे तरी डोळे उघडे ठेवावेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतली सूट २५० वॅटच्या आतल्या आणि ताशी २५ किमीची मर्यादा पाळणाऱ्या वाहनांना आहे. त्यापुढे नोंदणी, लायसन्स आणि विमा आलेच.

उतारावर बॅटरी भरण्याची गोष्ट बहुतेक ई-सायकलींना लागूच नाही. आत गिअर असलेल्या हब मोटरमध्ये आणि मिड-ड्राइव्हमध्ये फ्रीव्हील असते, त्यामुळे उतारावर चाक फिरते पण मोटर फिरत नाही, मग वीज कुठून येणार? आत गिअर नसलेल्या थेट हब मोटरला ते जमते, तरी परत मिळते ते थोडेच. अर्थात, चिंता करण्याइतकी वीज चढताना खर्चही होत नाही. २०० मीटर उंची चढायला १०० किलोला ५५ वॅट-तास लागतात, तूट धरून ७५; ३६ व्होल्ट, १० ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीत ३६० असतात. उतारासाठी पैसे घालायचेच तर चांगल्या डिस्क ब्रेकवर घालावेत.

मिड-ड्राइव्ह निर्दोष नाही. मोटरचा सगळा ताण साखळीवर येतो, म्हणून साखळी आणि चकत्या लवकर बदलाव्या लागतात, आणि भर चढात जोर न सोडता गिअर टाकला तर साखळी कडाडते. उलट हबच्या चाकाचे पंक्चर काढताना वायरचा जोड सोडवून अठराच्या पान्याने नट काढावे लागतात आणि वायसर त्याच क्रमाने परत बसवावे लागतात. त्यामुळे रस्त्याकडेचा कारागीर नाखूश असतो.

जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाणाऱ्याने मिड-ड्राइव्हला जादा पैसे मोजू नयेत, त्याला २५० वॅटची साधी हब मोटर पुरते. घाट चढणाऱ्याने मात्र चाचणी सपाट रस्त्यावर घेऊ नये. रोजचे दप्तर-डबा घेऊन, चढाच्या मध्येच पूर्ण थांबून, तिथून सायकल पुन्हा सुरू करून पाहावी.