देवघरात शिरलेला कुत्रा काय सांगत असतो

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की एक मजकूर दर वर्षी फिरू लागतो. यंदा तो मला चार जणांकडून आला. त्याचं म्हणणं असं की घरातल्या प्राण्यांनाही श्रद्धा असते आणि ती घरच्या धर्माप्रमाणे घडते. पुरावे पाच: कुत्रा आरतीत सूर लावतो, मांजर श्रावण पाळतं, कुत्रा निजण्याआधी प्रदक्षिणा घालतो, फटाके वाजू लागले की देवघरात जाऊन बसतो, आणि युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत शेवटी कुत्राच गेला. तेव्हा त्यांनाही उपवास घडवा, प्रसाद द्या, असा शेवट. हा शेवट नसता तर मीही कौतुकाने वाचून पुढे गेलो असतो.

आरतीपासून सुरुवात करतो. आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी घुमट आरती तासभर तरी चालते. घुमट, शामेळ, कासाळें या वाद्यांचा गजर चालू असताना आमचा कुत्रा टायगर पडवीत पाय ताणून निजलेला असतो. शंख वाजला की मात्र मान वर, तोंड आभाळाकडे आणि लांबच लांब ऊऊऊ. हाच सूर तो १०८ची रुग्णवाहिका रस्त्याने गेली तरी लावतो. लांबवलेला, चढता आवाज त्याला लांबच्या कुत्र्याच्या हाकेसारखा वाटत असणार, आणि हाकेला ओ देणं हे लांडग्यांपासून चालत आलेलं आहे. शिवाय माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० हर्ट्झच्या आसपास. झांजा त्याच्या कानाशी वाजवून ‘बघा, कसा रंगलाय’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

प्रदक्षिणेचं फार काही नाही. गोणपाटावर दोनचार गिरक्या घेऊन तो बसायची जागा सारखी करतो. देवाकडे तोंड असो की पाठ, गिरक्या तेवढ्याच.

आता मांजराचा श्रावण. श्रावणात आमच्याकडे नुस्तें, म्हणजे मासे, शिजत नाही, म्हणून मनीच्या ताटलीत दूधभात पडतो. ती हुंगते आणि निघून जाते. एका श्रावणी सोमवारी मी वईवरून, म्हणजे कुंपणावरून, पलीकडे पाहिलं. शेजारच्या ख्रिस्ती घराच्या मागीलदारी, मासे साफ करायच्या दगडाजवळ ती बसली होती. बांगड्याचं डोकं एका पंजाने दाबून धरलेलं, मान वाकडी, डोळे अर्धे मिटलेले, आणि मागच्या दाढांनी कडाकडा चावणं चाललेलं. घरचा धर्म तिने मोडला नाही की शेजारचा घेतला नाही. तिला भूक होती.

आणि इथे मला कळकळीने सांगायचं आहे. मांजर मांसाहारावरच जगणारा प्राणी आहे. टॉरीन नावाचा घटक त्याला पुरेसा शरीरात बनवता येत नाही, तो मांस-माशांतूनच मिळतो. तो दीर्घकाळ कमी पडला तर मांजराची दृष्टी जाते, हृदय मोठं आणि दुबळं होतं. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ साली पुढे आला. आपण नुस्तें सोडतो ते आपल्या मनाने. मांजराच्या वतीने सोडायचा आपल्याला अधिकार नाही. प्रसादाचंही तसंच. शिऱ्यातला बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. देवासमोर ठेवला म्हणून त्याचा गुण बदलत नाही.

पुराणातल्या कुत्र्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच ती कथा नीट वाचावी असं वाटतं. महाप्रस्थानिक पर्वात कसोटी लागते ती युधिष्ठिराची. कुत्र्याला टाकून ये, असं इंद्र म्हणतो आणि युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे मागाहून उलगडतं. नामदेवांच्या गोष्टीत कुत्रा भाकरी पळवतो आणि तुपाची वाटी घेऊन नामदेव त्याच्यामागे धावतात. कुत्र्यात विठ्ठल दिसला तो नामदेवांना. कुत्र्याला दिसली भाकरी. पैठणला रेड्याने वेद म्हटले याला आपण चमत्कार म्हणतो तो एवढ्याचसाठी, की एरवी रेडे वेद म्हणत नाहीत.

या मजकुराला विज्ञानाचा आधार देऊ पाहणारे डार्विनचं नाव घेतात. १८७१च्या ग्रंथात त्याने आपल्या कुत्र्याची हकिकत दिली आहे. हिरवळीवर उघडी पडलेली छत्री वाऱ्याने हलली की तो दर वेळी गुरगुरायचा. कुणीतरी न दिसणारं ती हलवतंय असं त्याला वाटलं असावं, असा डार्विनचा तर्क होता. हा या मजकुरातल्या कुठल्याही पुराव्यापेक्षा भक्कम मुद्दा आहे आणि मी तो मान्य करतो. पण न दिसणाऱ्याला भिऊन भुंकणं वेगळं आणि त्याच्यापुढे हात जोडणं वेगळं. भक्ती ही प्रेम, शरणागती, भय, कृतज्ञता, आशा अशा अनेक भावनांची गुंतागुंत आहे, असं डार्विनच लिहितो. कुत्र्याचं धन्यावरचं प्रेम त्या दिशेचं फार दूरचं पाऊल, एवढंच तो म्हणतो.

राहिलं देवघर. दिवाळीच्या आदल्या रात्री, नरकासुराचे पुतळे फिरवताना, आमच्या रस्त्यावर पहाटेपर्यंत फटाके आणि भोंगे चालू असतात. गेल्या वर्षी टायगर दिसेना म्हणून मी विजेरी घेऊन घरभर शोधलं. देव्हाऱ्याच्या खालच्या कोनाड्यात तो अंग चोरून बसला होता. कान मागे पडलेले, जीभ बाहेर, बरगड्या धापा टाकत होत्या. तांबड्या कोब्यावर दारापासून देव्हाऱ्यापर्यंत ओली पावलं उमटली होती. कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांना, आणि घाबरला की जास्तच. घरात तो कोनाडा सगळ्यात अंधारा, आणि रस्त्यापासून सगळ्यात लांब. त्या आठवड्यात एका ओळखीच्या घरातला असाच एक फोटो ‘भक्त’ म्हणून फिरत होता. त्यातल्या कुत्र्याचे कानही तसेच मागे होते.

यंदा टायगरचं गोणपाट मी आताच कोठीच्या खोलीत नेऊन टाकलंय. खिडकीला जाड गोधडी लावली आहे, पाण्याचं भांडं आत ठेवलंय, आणि दार उघडंच आहे.