एका घोडीचा ट्रेलर, दोन स्टार आणि आमचं उत्तर

नमस्कार दादा,

दोन स्टार देऊन तुम्ही जे लिहिलंय ते सगळं वाचलं. तक्रार अशी की एका घोडीसाठी आम्ही दोन एक्सलचा भारी ट्रेलर तुमच्या गळ्यात मारला आणि लाखभर रुपये वाढवले, तुमच्या पाच सीटर गाडीला हुक बसवून द्यायला नाही म्हटलं, कागदांना वेळ लावला, आणि एवढं करून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उतारावर ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागला. नवीन ट्रेलर घ्यायला निघालेली मंडळीही इथे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी डोलण्याचं बोलू. बाकीच्या गोष्टी पैशाच्या आहेत, ही जिवाची आहे.

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. मागच्या फाळक्यावर हुकांनी अडकवलेलं एक लोखंडी कॅरिअर दिसतंय. त्यात स्टेपनी, कडब्याच्या पेंढ्या आणि पाण्याचा निळा कॅन. हे कॅरिअर आमच्या शेडमधून गेलेलं नाही. आम्ही स्टेपनी पुढे, दांडीच्या अंगाला बसवून दिली होती आणि चाऱ्याची पेटी घोडीच्या छातीपुढच्या जागेत. सोय म्हणून तुम्ही सामान मागे नेलंत, हे समजू शकतो. घोडी आत असताना पुढून चारा काढणं अवघडच जातं.

पण त्याचा हिशोब बघा. रिकामा ट्रेलर ७५० किलो, तुमची घोडी ४२० च्या आसपास. डिलिव्हरीच्या दिवशी घोडी आत उभी करून, हुकाच्या तोंडाखाली धान्याचा प्लॅटफॉर्म काटा ठेवून आपण वजन घेतलं होतं. हुकावर ११० किलो पडत होतं, म्हणजे एकूण वजनाच्या नऊ टक्क्यांच्या वर. आम्ही सात ते दहा टक्के धरतो, अर्थात गाडीच्या कंपनीने हुकाला दिलेल्या मर्यादेच्या आतच. आता मागच्या कॅरिअरमध्ये ८० किलो धरा. ते ओझं चाकांच्या मागे सहा फुटांवर आणि हुक चाकांच्या पुढे दहा फुटांवर. मागच्या ८० किलोने हुकावरचे पन्नासेक किलो उचलले जातात. दावं लांब बांधलं असेल आणि घोडी अर्धा फूट मागे सरकून उभी राहिली असेल, तर आणखी वीस किलो गेले. उरले चाळीस, म्हणजे जेमतेम तीन टक्के. हुकावरचं वजन असं कमी झालं की ट्रेलर डोलायला लागतो. बैलगाडीत माल मागे भरला की गाडी उलाळते आणि जू वर उठतं, तसंच हे आहे. फरक इतकाच की बैलगाडी ताशी ८० ने पळत नाही.

हा ८० चा आकडा तुम्हीच लिहिलाय. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत, त्यात घोडे नेणाऱ्या मालवाहू गाडीला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा घातली आहे. हायवेवर त्या वेगाने गेलं की मागून हॉर्न वाजतात, मान्य. वाजू द्यात. डावी लेन धरायची. बोगद्यानंतरचा तो वळणाचा उतार कसा आहे हे या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे; तिथे आम्ही रिकामा ट्रेलर असला तरी बोगद्यातच खालचा गिअर टाकतो. आपल्या ट्रेलरचे ब्रेक रेट्यावर चालतात. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, हुकातला दांडा आत सरकतो आणि चाकांचे ब्रेक लागतात. सगळा उतार गाडीच्या ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ते सतत घासत राहतात आणि तापतात. आणि ट्रेलर डोलायला लागलाच, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं, बस्स. ‘वेग वाढवून सरळ करून घेतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उतारावर तर मुळीच नको.

आता दोन एक्सल. ‘घोडा एक तर एक्सलपण एकच’ असा हिशोब बरेच जण घालतात, आणि एका एक्सलचे काही फायदे आहेतच. अंगणात हाताने ढकलता येतो, अरुंद जागेत वळवताना टायर घासत नाहीत, दोन टायर कमी. तुम्ही म्हणता तसे आपले टायर कोपऱ्यावर घासतात, ते खरं आहे आणि घासतच राहणार. पण आत उभं असलेलं ओझं जिवंत आहे. ते मान हलवतं, एका अंगावर भार टाकतं, माशी बसली तर पाय आपटतं. अशात एक टायर फुटला तर दुसऱ्या एक्सलवर गाडी कडेला घेता येते. आम्ही उसाच्या ट्रॉल्याही बनवतो. ऊस सांडला तर परत भरता येतो. तुम्हाला दुसरीकडे एका एक्सलचा ट्रेलर स्वस्तात मिळत होता हे तुम्ही तेव्हाही सांगितलं होतं, आणि तो बघून या असं मीच म्हटलं होतं.

रुंदीही कमी करा, असा आग्रह होता. घोडा चालत्या गाडीत पाय फाकवून तोल सांभाळतो. अंगाला घट्ट फळ्या लावल्या तर त्याला पाय टाकायला जागा राहत नाही, आणि मग तो फळीवर चढायला बघतो. शिवाय २०१६ पासून लागू असलेल्या मोटार वाहन नियमांत एका घोड्यासाठी किमान २.२५ चौरस मीटरचा कप्पा सांगितला आहे. आपला कप्पा साडेसात फूट बाय साडेतीन फूट आहे, म्हणजे त्याच्या थोडाच वर. त्यातून काय कमी करणार?

हुकाचं सांगतो. तुमच्या पाच सीटर गाडीला वेगळी चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा नाही, आणि किती वजनाचा ब्रेकवाला ट्रेलर ती ओढू शकते हे तिच्या मॅन्युअलमध्ये दिलेलंच नाही. भरलेला ट्रेलर त्या गाडीएवढाच होतो. पत्र्याला वेल्डिंग करून हुक कुणीही लावून देईल, आमच्या पोराला तासाभराचं काम आहे. पण ती गाडी हे ओझं ओढायला बनलेली नाही, म्हणूनच नाही म्हटलं. आता तुम्ही थोरल्या भावांच्या चेसीवाल्या जीपने ओढता, ते बरोबर आहे.

कागदांचं थोडक्यात. ट्रेलरची नोंदणी वेगळी होते, त्याला स्वतःचा नंबर असतो. त्याला लागणारा वेळ आमच्या हातात नाही, आणि नंबर नसताना ट्रेलर शेडबाहेर सोडणं हे आमचं धोरण नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण फोटोत दिसते, म्हणून सांगतो. घोडीच्या मागचा आडवा दांडा उघडा आहे आणि दावं बांधलेलंच आहे. उतरवताना आधी दावं सोडायचं, मग फाळका, आणि दांडा सगळ्यात शेवटी. दांडा उघडला की घोडी मागे सरते, दावं ताणलं की घाबरते, आणि मग ती डोकं वर मारते ते थेट छताच्या अँगलवर. चढवताना बरोबर उलटं, आधी दांडा लावायचा, मग फाळका, मग बांधायचं. आणि ट्रेलर गाडीला जोडलेला असल्याशिवाय घोडी आत घ्यायची नाही की बाहेर काढायची नाही. ती मागच्या टोकाला आली की पुढची दांडी वर उठते.

ट्रेलर सांगलीजवळ कुपवाडला, आमच्या शेडवर घेऊन या. कॅरिअर काढू, स्टेपनी परत पुढे बसवू, चारही चाकांची हवा, हब आणि ब्रेकची ओढ तपासू, पुन्हा हुकावरचं वजन घेऊ. त्याचे पैसे लागणार नाहीत. चाऱ्यासाठी बाजूने उघडणारं झाकण हवं असेल तर तेही करता येईल, मात्र त्याचा खर्च वेगळा. येताना घोडीला नक्की आणा, रिकाम्या ट्रेलरचं वजन काढून उपयोग नाही. सकाळी लवकर निघा. एकूण वजनासाठी आपल्याला मोठ्या काट्यावर जायचंय, आणि गाळप चालू असलं की दहानंतर तिथे उसाच्या गाड्यांची रांग लागते.