सोनोग्राफीवर संशोधन करा, पण प्रश्न कोणाचे?

'बाळाच्या मानेभोवती नाळेचा एक वेढा.' आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली ही एक ओळ घरात आली की काय होतं, ते ज्यांच्याकडे झालंय त्यांनाच विचारा. सासूबाई देव पाण्यात ठेवतात, नवरा गूगल उघडून बसतो आणि ती बाई रात्रभर कुशीवर पडून बाळ हललं का ते बघत राहते. माझ्या वहिनीची तर झोपच उडाली होती. खरं म्हणजे जन्मताना साधारण चार-पाचांतल्या एका बाळाच्या मानेभोवती वेढा असतोच, आणि त्यातली बहुतेक बाळं सुखरूप जन्मतात. मग ही ओळ रिपोर्टमध्ये लिहावी का? लिहिल्यानं जीव वाचतात की नुसती सिझेरियन वाढतात? आणि लिहायचीच तर सांगायची कोणी, कशी?

हा संशोधनाचाच विषय आहे. पण मशीनवरचं चित्र अजून स्पष्ट कसं दिसेल, एआय मापं किती झटपट घेईल, या प्रश्नांना पैसा मिळतो तसा याला मिळेल असं मला वाटत नाही. कारण प्रश्न ठरवायच्या खोलीत पोटावर जेल लावून पडलेली बाई कधी नसतेच.

ब्रिटनमध्ये 2004 साली यावर एक पद्धत सुरू झाली, जेम्स लिंड अलायन्स. (लिंड म्हणजे 1747 मध्ये स्कर्व्हीच्या 12 खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहणारा आरमारी डॉक्टर.) रुग्ण, त्यांचे घरचे आणि उपचार करणारे, सगळ्यांकडून प्रश्न मागवायचे. ज्यांची उत्तरं आधीच सापडलीत ते बाजूला काढायचे. उरलेल्यांचा क्रम सगळ्यांनी एकत्र बसून लावायचा. औषध आणि उपकरण कंपन्यांना त्यात जागा नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणावर अशीच यादी केली, ती 2014 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. 15 प्रश्न. मुदतपूर्व प्रसूती टाळायची कशी, हा त्यात होताच, पण बाळाला दूध कसं द्यावं, त्याच्याभोवतीचा उजेड आणि आवाज किती असावा, हेही होतं. काचेच्या पेटीशेजारी दिवसेंदिवस बसलेल्या आईला पडणारे प्रश्न आहेत हे.

आपल्याकडे सोनोग्राफीसाठी असं व्हायला हवं, आणि डॉक्टरांना वगळून अजिबात नको. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, 1988 मध्ये. केंद्राचा 1994 चा. तरीही 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली निघाल्या. त्यामुळे कायदा हवाच. पण दिवसभर एकीकडे प्रोब (पोटावर फिरवायचं यंत्र) आणि दुसरीकडे याच कायद्यानं गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरावा लागणारा एफ फॉर्म सांभाळणाऱ्या सोनोलॉजिस्टचेही प्रश्न असतात: एका बाईला किती मिनिटं देता येतात, घाईत काय निसटतं, वर्षानुवर्षं एकाच हातानं प्रोब दाबून खांदा दुखतो त्याचं काय.

आशाताईंचे प्रश्न अजून वेगळे. जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून सांगतेय की 24 आठवड्यांच्या आत एक तरी सोनोग्राफी व्हावी. पण मशीन तालुक्याला, डॉक्टर ठरावीक वारी, बाई कापसाच्या वेचणीला. व्यंग शोधायची तपासणी 18 ते 20 आठवड्यांची, ती लांबली तर पुढच्या निर्णयाला वेळ कुठून आणायचा?

'बायकांना यातलं काय कळतं?' असं काही जण म्हणतील. रिपोर्ट वाचता येत नसेल. पण वार (प्लासेंटा) खाली आहे म्हटल्यावर महिनाभर घरात काय चाललं होतं, हे त्या बाईइतकं कोणाला ठाऊक आहे? आणि ज्यांचं बाळ गेलं, ज्यांना ते स्क्रीनपाशी कळलं, त्यांना तर सगळ्यात आधी बोलवा.

मात्र पुण्यातल्या एसी हॉलमध्ये इंग्रजीत बैठक ठेवून 'सहभाग' म्हणू नका. जव्हार किंवा धारणीहून येणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं पहिल्या बजेटमध्येच धरा, फोटोग्राफरच्या आधी.