कुकुईची कच्ची बी आणि वजन घटवण्याचा दावा

‘हवाई बेटांवरचे लोक शतकानुशतके कुकुईची बी कच्ची खात आले आहेत, रोज एका बीचा आठवा भाग खाल्ला की चरबी वितळते, आणि वस्तू नैसर्गिक असल्याने अपाय होत नाही,’ असा मजकूर सर्वत्र फिरतो आहे. त्यातले एकही विधान टिकत नाही.

कुकुई हे तेलकट बियांचे एक झाड. हवाईत त्याची बी खातात हे खरे, परंतु ती भाजून, कुटून, मीठ घालून केलेल्या ‘इनामोना’च्या रूपात, आणि तीही मासळीला चव आणण्यापुरती. इंडोनेशियात हिलाच ‘केमिरी’ म्हणतात. तिथे ती वाटणात पडते आणि शिजते. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी होड्यांतून हे झाड हवाईत नेले ते मुख्यतः तेलासाठी. गराचा निम्म्याहून अधिक भाग तेलाचा असल्याने सोललेल्या बिया नारळाच्या हिरात ओवून वरची पेटवली, की ती संपता संपता खालची पेट घेई, आणि घरात उजेड राही. तिच्या काजळीने गोंदण होई, झाडाच्या सालीने मासेमारीचे दोर रंगवले जात, आणि मासेमार गर चावून पाण्यावर थुंकत, कारण तेलाच्या तवंगाने लाटांची थरथर शमून तळ स्पष्ट दिसे. १९५९ साली हवाईने ज्याला राज्यवृक्ष ठरवले, त्याची ही खरी थोरवी आहे. तिच्यावर वजन घटवण्याचे लेबल चिकटवलेले पाहून मला मनापासून वाईट वाटते.

कच्चा गर हवाईच्या वैद्यांनाही ठाऊक होता, पण जुलाबाचे औषध म्हणून. हे झाड एरंडाच्याच कुळातले आहे. कच्च्या बीने उलट्या, कळा आणि जुलाब होतात. काट्यावर दिसणारी घट शरीरातून गेलेल्या पाण्याची असते, चरबीची नव्हे, आणि त्या पाण्याबरोबर हृदयाच्या लयीला लागणारे पोटॅशियमही निघून जाते. ब्राझीलच्या आरोग्य नियामक संस्थेने २०१७ मध्ये या बीच्या विक्रीवर बंदी घातली, ती उगाच नव्हे.

याहून गंभीर बाब अशी, की पाकिटातली बी कुकुईचीच असेल याची खात्री नसते. ‘नुएझ दे ला इंडिया’, म्हणजे ‘भारताचे कवचफळ’, या कुकुईच्या बीच्या स्पॅनिश नावाने विकलेल्या मालाची अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली, तेव्हा अनेक नमुन्यांत पिवळी कण्हेर निघाली. आपल्याकडे कुंपणाला लावतात ती हीच बिट्टी. तिच्या बीतील विष हृदयाचे ठोके मंदावते, अनियमित करते, प्रसंगी थांबवते. इथे ‘आठवा भाग’ हे प्रमाण सुरक्षित ठरवायला कोणताच आधार नाही.

अशी बी कोणी खाल्ली असेल, तर उलटी, चक्कर किंवा मंद नाडीची वाट न पाहता उरलेले पाकीट सोबत घेऊन त्याला थेट रुग्णालयात न्यावे, म्हणजे डॉक्टरांना विषाची ओळख पटवणे सोपे जाईल.